शेठ पुढे, टांगा मागे

२ जानेवारी १९६१, सोमवार

सुरतेच्या एका कापडवाल्याने सुगनचंद शेठला ही डायरी भेट पाठवली. शेठनी ती उलटीपालटी करून बघितली आणि मला दिली. समोर मुनीम मोतीलालकाका बसले होते, तोलारी धुडकूआप्पा काट्याजवळ उभे होते, तरी मला दिली. यावरून काय समजायचं ते मी समजलो.

तीन गोष्टी ठरवल्या. रोज लिहायचं. विडी बंद. आणि ही पेढी सोडून पळायचं नाही. साखर कारखाना सोडला, मनमाडचं हॉटेल सोडलं, जळगावची गिरणी सोडली. प्रत्येक ठिकाणी चूक दुसऱ्याची होती, पण दर वेळी चालता मीच झालो. आता नाही. नगरपासून इतक्या लांब येऊन नंदुरबारला मिरचीच्या धुळीत खोकतोय ते काही उगाच नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, शेठ शहाद्याला नवं दुकान टाकणार. दुकानामागे राहायला खोली आहे. दुकानावर कोणाला बसवायचं हे अजून ठरलं नाही असं मोतीलालकाका म्हणतात. मला वाटतं ठरलंय.

३ जानेवारी, मंगळवार

सासऱ्यांचं पत्र. लग्नाला दोन वर्षं झाली, वत्सला अजून माहेरीच. मामा लिहितात, शिमग्याच्या आत खोली झाली तर कळवा, पोरीला आणून घालतो. पोत्यांवर झोपणाऱ्याकडे पोरगी धाडायची नाही. शिमगा उलटला की तिला नर्सबाईच्या कोर्सला घालणार, मग तुम्ही तिकडं आणि आम्ही इकडं.

पोत्यांवर झोपतो हे त्यांना कोणी सांगितलं? दिवाळीच्या पत्रात मीच लिहिलं होतं म्हणा. पण मी 'गोदामाची सगळी जबाबदारी रात्रंदिवस माझ्यावर' असं लिहिलं होतं. मामांना सरळ वाचताच येत नाही.

शिमग्याला दोन महिने आहेत. पुष्कळ झाले.

विडी दोनच. पत्रामुळे.

५ जानेवारी, गुरुवार

डॉक्टरने शेठला सांगितलं, रोज दोन मैल पायी चाला, नाहीतर छाती दगा देईल. शेठ येऊन गादीवर बसले ते तासभर पायच चोळत होते. छातीचं एवढं नाही, पायी चालायचं दुःख. इथल्या मिरची बाजारात शेठ पायी दिसला की पेढी बुडाली असं धरतात. धुडकूआप्पांनी सांगितलं, "मागे एक शेठ जोडा शिवाले पायी गया व्हता. चार दिनमा गाड्या बंद." एकदा गाव असं बोलायला लागलं की शेतकरी मिरचीची गाडी त्या दारी थांबवतच नाही.

दुपारी शेठनी तोड काढली. एकट्याने चालायचंच नाही. सगळ्या पेढीने चालायचं. बाजाराला सांगायचं, ही नोकरांच्या तब्येतीची योजना आहे, मुंबईच्या कंपन्यांत असते तशी. बसून बसून सगळ्यांची पोटं सुटलीत, शेठना बघवत नाही. रोज पहाटे सहाला पेढी ते स्टेशन, स्टेशन ते पेढी, बरोबर दोन मैल. आणि शेठचा टांगा रिकामा, वीस पावलं मागून. म्हणजे टांगा आहे, घोडा आहे, शेठ आपल्या खुशीने चालतोय, हे लोकांना दिसावं. रिकामा म्हणजे रिकामा, असं टांगेवाल्या दगाला दोनदा बजावलं.

हजेरीचं रजिस्टर कोणाकडे? शेठ म्हणाले, "सखाहरीला द्या. त्याच्यावाचून पेढीवर काही अडत नाही."

माणसं ओळखावीत तर या शेठनी.

७ जानेवारी, शनिवार, सकाळी साडेसात

पहिला दिवस. यशस्वी.

हजर सहा. शेठ, मोतीलालकाका, धुडकूआप्पा, दोन हमाल आणि मी इन्चार्ज. हमालांनी विचारलं की आम्ही दिवसभर पोती वाहतो, आम्ही कशाला? मी सांगितलं की पोतं घेऊन चालणं वेगळं आणि हेल्थसाठी चालणं वेगळं. एक जण म्हणाला, "मंग पोतं तू ली, हेल्थ आम्ही लेतस." लक्ष दिलं नाही. नवीन योजनेला विरोध होतोच.

स्टेशनच्या वाटेला मिरचीच्या पथारी लागतात. मैदानभर लाल मिरची वाळत घातलेली, बाया उजाडायच्या आतच वाकून मिरची पलटत होत्या. त्यातली रूपलीबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि ओरडली, "देव नही, लगीन नही, अन् सारा कोठे चालनात?" शेठनी मान खाली घातली. मी रजिस्टर वर करून दाखवलं. बाया हसल्या. अडाणी.

नवे कॅनव्हासचे बूट घातले होते. उजव्या टाचेला थोडं लागतंय.

संकल्प: सोमवारपासून सगळ्यांना तीन मैल.

९ जानेवारी, सोमवार

टाचेला फोड. रुपयाएवढा. तीन मैल तूर्त लांबणीवर.

बूट काढून अनवाणी चालून बघितलं. पथारीच्या कडेला मिरचीचं बी सांडलेलं असतं. फोडावर मिरची. पुढचं लिहीत नाही.

१० जानेवारी, मंगळवार

आज एक गोष्ट ध्यानात आली. इन्चार्जने पुढे चालून उपयोग नाही. पुढे चाललं की मागचा कोण गळाला ते कळत नाही. म्हणून सगळ्यांच्या मागे राहिलो. टाच दुखत होती म्हणून जरा जास्तच मागे राहिलो. इतका की टांग्याच्या बरोबरीला आलो. दगा म्हणाला, "बस ना भाऊ. घोडाले तुन्हं काय वझं?"

नाही म्हणालो. हुकूम म्हणजे हुकूम.

स्टेशनपासून परत येताना बसलो. फक्त पथारीपर्यंत.

११ जानेवारी, बुधवार

टांग्यातून हजेरी फार स्वच्छ घेता येते. उंचीमुळे. सहाच्या सहा पाठी दिसतात. म्हणजे पाच. शेठ मागे वळून बघत नाहीत, त्यांची मान आधीपासूनच वळत नाही. पेढी आली की वळणावर उतरतो आणि लगबगीने पुढे जातो. शेठ म्हणाले, "सखाहरी, तुला घामसुद्धा आला नाही!" मी म्हणालो, सवय झाली की येत नाही.

मोतीलालकाका दम लागून पायरीवर बसले होते. म्हाताऱ्यांचा स्टॅमिना नाही.

१४ जानेवारी, शनिवार, संक्रांत

तिळगूळ. मोतीलालकाकांनी विचारलं, तू म्हणे शहाद्याच्या दुकानावर बसणार? मी म्हणालो, शेठ बोलले नाहीत, पण रजिस्टर माझ्याकडे आहे. ते म्हणाले, वाण्याच्या पेढीत रजिस्टरवर कोणी मोठा झालेला बघितला नाही. जळतात.

पहाटे थंडी फार. टांग्यात शेठची जुनी शाल पडलेली असते. पडून पडून खराब होईल म्हणून अंगावर घेतली.

विडी पाच. संक्रांत म्हणून.

१८ जानेवारी, बुधवार

आज फार समाधानाचा दिवस.

शेतकऱ्यांच्या मिरचीच्या गाड्या पहाटेच बाजारात शिरतात. शेठ आणि मंडळी पुढे गेली, मागून मी टांग्यात, शाल घेऊन. तापीकाठचा एक गाडीवान गाडी बाजूला घेऊन उभा राहिला आणि मला म्हणाला, "राम राम शेठ."

मी हात वर केला.

पुढे आणखी दोघांनी. तीन महिने मी इथं आहे, तीन महिन्यांत मला कोणी राम राम घातला नव्हता. नियमित फिरण्याने माणसाच्या चेहऱ्यावर तेज येतं असं डॉक्टरनेच शेठना सांगितलं होतं.

१९ जानेवारी, गुरुवार

धुडकूआप्पा मला बाजूला घेऊन म्हणाले, "सखाहरी, टांगामा बठू नको, बापा. लोके देखी ऱ्हायनात." मी म्हणालो, बघू देत की. ते म्हणाले, लोक बघतात की शेठ पायी चालतोय आणि टांग्यात दुसराच बसलाय. मी म्हणालो, आप्पा, टाचेला फोड आहे. ते माझ्या टाचेकडे बघून काट्याकडे गेले.

फोड बसलाय हे खरं. पण आतून दुखतं.

आप्पांचं मी समजू शकतो. चाळीस वर्षं तोलारीच राहिले. पोट मात्र उतरलंय त्यांचं. रोज चालतात.

२३ जानेवारी, सोमवार

आज पेढीवर गाड्या कमी. नेहमी चाळीस असतात, आज चौदा. थंडीमुळे.

२५ जानेवारी, बुधवार

गाड्या नऊ. थंडी कमी झाली, तरी नऊ. शेतकरी लोक सव्वीस जानेवारीसाठी थांबले असणार.

एका गाडीवानाने आज टांगा थांबवला आणि विचारलं, "नवा मालक तुम्हीच शेत का?" शहाद्याच्या दुकानाची बातमी इतक्या लांब पोचली! मी म्हणालो, अजून जाहीर झालं नाही, आखाजीपर्यंत कोणाला बोलू नका. तो म्हणाला, म्हणजे जुने शेठ गेलेच की. मी म्हणालो, शेठ इथंच राहणार, मी तिकडं बसणार. पण तोवर त्याने बैल हाकले होते. गाडी अमरचंद शेठच्या दारी गेली. वाट चुकला बिचारा.

३० जानेवारी, सोमवार

गाड्या चार.

शेठ चिडचिडे झालेत. चालताना रोज मोठ्याने सांगतात, हे तब्येतीसाठी आहे, तब्येतीसाठी! बाजारात लोक माना हलवतात. छाती मात्र सुधारली. डॉक्टर म्हणाला, असंच चालू ठेवा.

म्हणजे योजना यशस्वी. शेठ माझं ऋण विसरणारे नाहीत. मामांना पत्र टाकलं: 'खोली झाली समजा. शहाद्याला दुकानामागेच आहे, हवेशीर. वत्सलाला घेऊन यावं. शेठचा टांगा माझ्याच दिमतीला असतो, तो स्टेशनवर येईल.'

यात खोटं एकही नाही. थोडं लवकर लिहिलंय इतकंच.

६ फेब्रुवारी, सोमवार

मामांचं उत्तर. वीस तारखेला सकाळच्या गाडीने येतात. खाली कोपऱ्यात वत्सलाच्या हातची एक ओळ: 'मला चालायची सवय आहे, टांगा नसला तरी चालेल.'

ही ओळ चार वेळा वाचली. हवेशीर शब्द कमी पडला असं वाटलं. खिडकी पूर्वेला आहे हेही लिहायला पाहिजे होतं. खोली मी अजून बघितलेली नाही, पण पूर्वेला असणार.

विडी आजपासून खरंच बंद. तिला वास आवडत नसेल.

९ फेब्रुवारी, गुरुवार, दुपार

झालं तसं लिहितो.

सकाळी अमरचंद शेठ आमच्या पेढीवर आले. कधी येत नाहीत. गादीवर बसले, पाणी प्याले, आमच्या शेठच्या हातावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "सुगनचंदजी, घोडा बेचना हो तो पहले हमको कहना."

शेठ म्हणाले, घोडा कोणी विकायला काढलाय? अमरचंद शेठ म्हणाले, सगळा बाजार बघतोय. पेढी बुडाली, टांगा त्या घाटावरच्या पोराने घेतला, तो शाल पांघरून टांग्यात मिरवतो आणि तुम्हाला पुढे चालवतो. मागे त्याने स्वतः एका शेतकऱ्याला सांगितलं म्हणे, अजून जाहीर झालं नाही म्हणून.

शेठनी मान वळवली. पूर्ण वळवली. वळते त्यांची. आणि माझ्याकडे बघितलं.

मी रजिस्टर उघडून दाखवायला गेलो. हजेरी शंभर टक्के होती.

९ फेब्रुवारी, संध्याकाळ

काढून टाकलं नाही! मोतीलालकाका म्हणाले, काढा. शेठ म्हणाले, आता काढला तर बाजार म्हणेल, नोकर ठेवायचीसुद्धा ऐपत राहिली नाही. म्हणून राहू दे.

म्हणजे अजून मी पेढीला हवा आहे.

१० फेब्रुवारी, शुक्रवार

नवी व्यवस्था. शेठ टांग्यात बसणार. स्टेशनपर्यंत पूर्ण बाजाराला सकाळी तीन फेरे, घुंगरं बांधून. मी मागून पायी, रजिस्टर घेऊन, डोक्याला काही न बांधता, म्हणजे तोंड सगळ्यांना दिसेल. किती दिवस, असं विचारलं. शेठ म्हणाले, गाड्या चाळीस होईपर्यंत.

बाकीच्यांची योजना बंद. माझी चालू.

शेठ आता दोन मैल गोदामात चालतात, दार लावून, पोत्यांभोवती. माझी अंथरुणाची पोती मध्ये येतात म्हणून सरकवायला लावली. धुळीने शिंका येतात तेवढ्या बाहेर ऐकू जातात.

११ फेब्रुवारी, शनिवार

टांगा पळतो. पायी म्हणाले होते, पण घोड्यामागे पायी म्हणजे पळतच. दगा मागे वळून म्हणतो, "काय करू भाऊ, घोडा ऐकस नही." पूर्वी बरोबर ऐकत होता.

पथारीवर रूपलीबाईने टोपली खाली ठेवली आणि ओरडली, "आते कशी शे हेल्थ?"

बुटाचा तळ निघाला. मामांना पत्र टाकायला पाहिजे, येऊ नका म्हणून. रविवारी टाकतो.

१२ फेब्रुवारी, रविवार

रविवारी टपाल निघत नाही.

१४ फेब्रुवारी, मंगळवार

कार्ड आणलं. 'तूर्त येऊ नये' लिहिलं. मग वाटलं, सहा दिवस आहेत. सहा दिवसांत शेठचा राग उतरला तर? गाड्या आज अकरा आल्या. या हिशेबाने वीसपर्यंत चाळीस व्हायला हरकत नाही. कार्ड खिशात ठेवलं.

१६ फेब्रुवारी, गुरुवार

शहाद्याचं दुकान धुडकूआप्पांना दिलं. शेठ सगळ्यांसमोर म्हणाले, बाजार काय बोलतो ते या माणसाने आधी सखाहरीला सांगितलं, मग मला सांगायला आला, मीच ऐकलं नाही. आप्पांनी माझ्याकडे बघितलं नाही. नंतर काट्याजवळ बोलावून म्हणाले, खोलीला खिडकी नाही रे, तुला सांगायचं होतं.

खिडकी नाही. मग एका अर्थी बरंच झालं.

कार्ड आज टाकायचं होतं. खिशात घामाने शाई पसरली. पत्ता वाचता येईना.

१९ फेब्रुवारी, रविवार

गाड्या सव्वीस. उद्या शेठना तोंडावर विचारणार: वत्सलासाठी गोदामाचा कोपरा तरी द्या. पडदा मी लावतो. उद्या पहाटे, फेऱ्याच्या आधी. नक्की.

२० फेब्रुवारी, सोमवार

शेठ लवकर येऊन टांग्यात बसले. विचारायला वेळच मिळाला नाही.

तिसऱ्या फेऱ्याला टांगा स्टेशनवर वळला तेव्हा गाडी लागलेली होती. मामा आणि वत्सला बाहेर येऊन उभे. तिच्या हातात पत्र्याची पेटी. माझं लिहिलेलं धरून वाट बघत होते: टांगा येईल. टांगा आला. त्यात शेठ. मागे मी, तोंड उघडं, तळ निघालेला बूट हातात. टांगा थांबला नाही. मी थांबलो.

मामांनी टांग्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. म्हणाले, हा तुमच्या दिमतीचा? मी म्हणालो, सकाळी शेठ वापरतात. मामा पेटीवर बसले, चहा मागवला आणि म्हणाले, तुम्ही दोघं खोली बघून या. मग मी उठतो.

वत्सला निघाली. मी रस्ता दाखवत पुढे. शहाद्याची खोली इथं नाही, तूर्त इथंच एक बघितली आहे, जवळच, असं सांगितलं. मग चालण्याचे फायदे सांगितले. छाती मोकळी होते, भूक लागते, बसून माणूस सडतो. ती हूं म्हणाली. बाजारातून नेलं, देवळाकडून नेलं, तलावाकडून नेलं. मला वाटत होतं, चालता चालता काहीतरी सुचेल. दुसऱ्यांदा देऊळ आलं तेव्हा ती म्हणाली, "हे मघाशी बघितलं." मी म्हणालो, दुसरं आहे.

तिची पावलं माझ्यापेक्षा झपाझप पडत होती. थोड्या वेळाने तीच पुढे होती.

पथारीवर पाणी प्यायला थांबलो. रूपलीबाईने मडक्यातून पाणी दिलं. आज थट्टा केली नाही. वत्सलाने तिला विचारलं, "मावशी, यांची खोली कोणती हो?" मी खुणा केल्या. रूपलीबाईने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि गोदामाकडे बोट केलं. "तो ते तठे जपस. गोणीस्वर." जपस म्हणजे झोपतो, हे वत्सलालाही कळलं.

वत्सलाने गोदामाकडे बघितलं. आतून शेठच्या शिंका ऐकू येत होत्या, फेऱ्या चालू होत्या. मग तिने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "एवढं चालवलंत, पहिल्याच चौकात सांगितलं असतं तर?"

मी म्हणालो, सांगणारच होतो.

"मी कोर्सला नाव घालते," ती म्हणाली. "खोली मिळाली की त्या खोलीत बसून पत्र लिहा. आधी लिहू नका."

स्टेशनवर मामांनी आमच्या पायांवरची धूळ बघितली आणि पेटी उचलली. दुपारच्या गाडीत बसले. खिडकीतून तिने माझ्या हातातल्या बुटाकडे बघितलं. दाभण आणि सुतळी घ्या, म्हणाली, बाहेरून शिवा, आतून नको, टाचेला लागेल.

रजिस्टर भरलं. शेठ: टांग्यात. सखाहरी: हजर, पाच मैल. वत्सला: हजर, पाच मैल.

गाडी सुटल्यावर फलाट संपेपर्यंत डब्याबरोबर चाललो. ते यात धरलेलं नाही.